अनुबोधपटातील स्त्री आणि निवारा : मुंबईच्या वस्त्यांपासून उल्हासनगर-बदलापूरपर्यंत

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या त्रयीत निवाऱ्याचा क्रम तिसरा असला, तरी नागरी जीवनात तोच पहिल्या दोहोंचा आधार ठरतो. शहरात पत्ता नसलेल्या माणसाला शिधापत्रिका मिळत नाही, मुलाला शाळेत घालताना अडचण येते आणि मतदारयादीत नाव नोंदवणे कठीण होते. या पत्त्याची किंमत घरातील स्त्री कशी मोजते, हा प्रश्न समाजशास्त्र व नगररचनाशास्त्र यांच्याइतकाच चित्रपट-समीक्षेचाही आहे. गेल्या चार-साडेचार दशकांत मुंबई-पुण्याच्या नागरी वस्त्यांवर जे अनुबोधपट निर्माण झाले, त्यांपैकी अनेकांच्या केंद्रस्थानी स्त्रिया आहेत. असे असूनही या चित्रपटांची चर्चा बहुधा ‘झोपडपट्टीचा प्रश्न’ या एकाच मथळ्याखाली केली जाते. स्त्री-दृष्टीने त्यांचे वाचन क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात ‘हमारा शहर’, ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’, ‘मोलकरीण’, ‘अन्नपूर्णा’, ‘जरीमरी’, ‘क्यू टू पी’ आणि ‘लेडीज स्पेशल’ या अनुबोधपटांचा विचार केला आहे. तुलनेसाठी अमेरिकन समाजातील सार्वजनिक गृहनिर्माणावरील काही चित्रपट घेतले आहेत. घर पाडले जाण्याचा क्षण टिपण्यात आपला अनुबोधपट समर्थ ठरला, परंतु घर चालवण्याचा रोजचा काळ त्याने तुलनेने कमी टिपला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही उणीव सर्वाधिक जाणवते ती उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात. म्हणून लेखाच्या उत्तरार्धात या तीन शहरांच्या संदर्भात अनुबोधपटाच्या रूढ दृष्टीची तपासणी केली आहे.

पाडकामाचा क्षण आणि साक्षीदार स्त्री

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ (१९८५) हा या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील व झोपडपट्ट्यांतील रहिवाशांना हटवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही त्याने कायम ठेवला. निकालातील हा ताण चित्रपटातही दिसतो. शहराच्या इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहतात तेच बेघर ठरतात, ही विसंगती चित्रपट पुनःपुन्हा समोर आणतो. सुखवस्तू नागरिक व अधिकारी यांची वक्तव्ये एकीकडे आणि मोडलेल्या झोपड्या दुसरीकडे, अशी त्याची मांडणी आहे.

या चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग एका स्त्रीचा आहे. घर गमावलेली ही स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच जाब विचारते. आमची छायाचित्रे घेऊन आमचे काय भले होणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दिग्दर्शकाने हा प्रसंग गाळला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. परंतु या प्रसंगातून आणखी एक गोष्ट सूचित होते. ती स्त्री पडद्यावर येते तेव्हा तिचे घर मोडून झालेले असते. ती पाणी कुठून भरत होती, चूल कोणत्या वेळी पेटवत होती, झोपडीच्या भाड्याचा व्यवहार कोणाच्या नावे होता, हे प्रेक्षकाला कळत नाही. ती साक्षीदार आहे, पीडित आहे, संतप्तही आहे. मात्र गृहव्यवस्थेची कर्ती म्हणून ती समोर येत नाही. १९८५ साली चित्रपटापुढील तातडीचे कार्य शासनाची कृती दाखवणे हे होते, हे लक्षात घेता हा दोष दिग्दर्शकाचा म्हणता येणार नाही. ही त्या दृष्टीची मर्यादा आहे.

मधुश्री दत्ता यांचा ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’ (१९९३) या मर्यादेपलीकडे एक पाऊल टाकतो. वांद्रे पूर्वेच्या रेल्वे स्थानकालगतची ही मुस्लिमबहुल वस्ती १९९२-९३ च्या दंगलींत संशयाच्या भोवऱ्यात सापडली. तिच्याविषयी पसरलेल्या प्रवादांना चित्रपट उत्तर देतो. त्यासाठी तो वस्ती कशी घडली, हे रहिवाशांच्या तोंडून सांगतो. दलदलीची जागा भरून राहण्याजोगी करण्यात रहिवाशांचे श्रम कामी आले, हे एकदा समजले की ‘बेकायदा’ या शब्दाचा अर्थ बदलतो. जमीन ज्यांनी घडवली त्यांनाच घुसखोर म्हटले जाते. येथे घर हे आयते बळकावलेले ठिकाण नसून श्रमाचे फलित आहे, ही जाणीव अनुबोधपटात स्पष्टपणे अवतरते. चित्रपटाच्या शीर्षकातील प्रथमपुरुषही म्हणूनच महत्त्वाचा आहे.

घर हेच कामाचे ठिकाण

घर आणि काम यांची फारकत ही औद्योगिक समाजाची कल्पना आहे. मुंबईतील कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत ती कधीच पूर्णपणे लागू पडली नाही. गिरणगावातील खानावळवाल्या बायका हे याचे ठळक उदाहरण होय. दहा बाय बाराच्या खोलीत संसार करून गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले. सावकाराच्या पाशातून सुटका आणि बँकेचे कर्ज हे या संघटनेचे पहिले उद्दिष्ट होते. पारोमिता व्होरा यांच्या ‘अन्नपूर्णा’ (१९९५) या अनुबोधपटाचा विषय हाच आहे. ज्या खोलीकडे नगररचनाकार ‘एक निवासी गाळा’ म्हणून पाहतो, ती खोली प्रत्यक्षात स्वयंपाकघर, भोजनगृह, कोठार आणि शयनगृह या चारही भूमिका पार पाडते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा खानावळवालीची खोली राहिली, पण तिचे गिऱ्हाईक विखुरले. निवारा आणि रोजगार किती घट्ट बांधलेले असतात, हे यावरून स्पष्ट होते.

सुरभी शर्मा यांचा ‘जरीमरी : ऑफ क्लॉथ अँड अदर स्टोरीज’ (२००१) हा गिरणीनंतरच्या मुंबईचा दस्तऐवज आहे. विमानतळालगतच्या जरीमरी वस्तीतील अरुंद गल्ल्यांत कपडे शिवण्याचे असंख्य लहान कारखाने आहेत. तेथील स्त्री-पुरुष कामगारांना संघटना बांधण्याची सोय नाही, कामाची शाश्वती नाही आणि राहत्या घराचीही नाही. गिरणीच्या भोंग्याने बांधलेला दिवस जाऊन त्याच्या जागी नगावर मोजलेला दिवस आला. या बदलाची नोंद चित्रपट शांतपणे, गल्लीच्या वेगाने घेतो. पाडकामाची टांगती तलवार येथेही आहे. मात्र चित्रपट तिची वाट पाहत थांबत नाही. तो काम चालू असलेले पाहतो. या परंपरेतील ही सर्वांत परिपक्व दृष्टी म्हणता येईल.

या संदर्भात ‘मोलकरीण’ (१९८१) या मराठी अनुबोधपटाचा उल्लेख अपरिहार्य आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या गटाने तो पुण्यातील घरकामगार स्त्रियांसह तयार केला. दुसऱ्याचे घर हे आपले कामाचे ठिकाण आणि आपले घर हे दुसऱ्या पाळीचे ठिकाण, अशा दुहेरी व्यवस्थेत जगणाऱ्या स्त्रिया संघटित कशा झाल्या, हे त्यात पाहावयास मिळते. घरकामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करणारा महाराष्ट्राचा कायदा २००८ मध्ये आला. म्हणजे पडद्यावरील मागणी आणि कायद्याची मान्यता यांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. ‘मोलकरीण’चे महत्त्व असे की त्यातील स्त्री सहानुभूती मागत नाही, ती आपल्या कामाचा हिशेब मांडते.

अमेरिकन समाजाचे प्रतिबिंब

अमेरिकेत या विषयाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी राल्फ स्टायनर व विलार्ड व्हॅन डाइक यांनी ‘द सिटी’ हा अनुबोधपट तयार केला. त्याचे निवेदन नगरचिंतक लुईस ममफर्ड यांचे होते. धुराने काळवंडलेली गिरणी-शहरे आणि गर्दीचे न्यूयॉर्क दाखवून झाल्यावर चित्रपट मेरीलँडमधील ग्रीनबेल्ट या नियोजित हिरव्या उपनगराकडे वळतो. तेथील स्त्री प्रामुख्याने आई आणि गृहिणी म्हणूनच दिसते. उपनगर म्हणजे मुक्ती, हे सूत्र पुढे अमेरिकन जीवनाचा आदर्श ठरले. डोलोरेस हेडन यांनी १९८० मध्ये या आदर्शावर नेमके बोट ठेवले. एकेकट्या घरांच्या या उपनगराची रचनाच मुळी स्त्री दिवसभर घरी असेल असे गृहीत धरते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला ही रचना शिक्षेसारखी ठरते, हा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे.

गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला उपनगर आलेच नाही. तिच्या वाट्याला शासकीय गृहसंकुल आले. फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘पब्लिक हाउसिंग’ (१९९७) शिकागोतील आयडा बी. वेल्स संकुलात घडतो. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. केवळ दीर्घ निरीक्षण आहे. भाडेकरूंच्या मंडळाची अध्यक्ष असलेली स्त्री एका गरजू तरुणीला घर मिळावे म्हणून दूरध्वनीवर कार्यालयाशी चिकाटीने वाद घालते. एक वृद्धा सावकाश कोबीची पाने सोलते. नाट्य म्हणावे असे त्यात काही नाही. तरीही संकुल प्रत्यक्षात कोण चालवते, या प्रश्नाचे उत्तर या दृश्यांत मिळते.

चॅड फ्रीडरिक्स यांचा ‘द प्रुइट-आयगो मिथ’ (२०११) अधिक वादप्रवण आहे. सेंट लुईस येथील तेहतीस उंच इमारतींचे हे संकुल १९५० च्या दशकात बांधले गेले आणि १९७२ पासून पाडले गेले. आधुनिक वास्तुकलेचा हा पराभव, असा त्याचा गाजावाजा झाला. चित्रपट मात्र माजी रहिवाशांना, विशेषतः स्त्रियांना बोलते करतो. कल्याणकारी मदत मिळवायची तर धडधाकट पुरुष घरात असता कामा नये, या नियमामुळे कुटुंबांतील वडिलांना घराबाहेर राहावे लागे. घर देणाऱ्या व्यवस्थेनेच घर मोडले, ही वस्तुस्थिती त्यातून पुढे येते. १९६९ च्या भाडेबंद आंदोलनात तेथील स्त्रिया आघाडीवर होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. इमारत कोसळल्याचे दृश्य जगभर गाजले, पण तीत राहिलेल्या स्त्रियांचे म्हणणे ऐकण्यास चार दशके लागली. आपल्याकडील पाडकामाच्या दृश्यांनाही हाच निकष लावावा लागेल.

पाणी, शौचालय आणि प्रवास

घराच्या भिंती संपतात तेथे स्त्रीचे घर संपत नाही. नळ, शौचालय, जिना, रस्ता आणि रेल्वे स्थानक हा तिच्या घराचा विस्तार असतो. पारोमिता व्होरा यांच्या ‘क्यू टू पी’ (२००६) या अनुबोधपटाने हे सूत्र उपहासाच्या अंगाने मांडले. मुंबईचे शांघाय करण्याची स्वप्ने रंगवली जात असताना हा चित्रपट शहरात सार्वजनिक शौचालये शोधत फिरतो आणि रांगेत कोणाला उभे राहावे लागते, हे पाहतो. स्त्री घराबाहेर फार वेळ राहणारच नाही, या गृहीतकावर शहर बांधले गेले आहे, हा त्याचा निष्कर्ष आहे. २०११ मध्ये मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी मोफत व सुरक्षित मुताऱ्यांसाठी चळवळ सुरू केली. तिच्या पाच वर्षे आधी चित्रपटाने तो प्रश्न विचारला होता.

निधी तुली यांचा ‘लेडीज स्पेशल’ (२००३) पश्चिम रेल्वेवरील केवळ स्त्रियांसाठी धावणाऱ्या लोकलमधील जीवन टिपतो. घर आणि कचेरी यांच्यामधील हा डबा स्त्रियांसाठी तिसरे ठिकाण बनतो. तेथे मैत्री जुळते, सण साजरे होतात, मन मोकळे होते. चित्रपट प्रसन्न आहे. पण त्याच्या प्रसन्नतेमुळे एक प्रश्न बाजूला राहतो. इतका वेळ गाडीत घालवावा लागावा, इतक्या दूर घर का घ्यावे लागले? प्रवासाचे चित्रण निवाऱ्याच्या अर्थकारणाशी जोडले गेले नाही, तर अपरिहार्यतेलाच आनंदाचे रूप येते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : चौकटीबाहेरचे घर

वरील भारतीय चित्रपटांची भूमी प्रामुख्याने मुंबई शहर, उपनगरे किंवा पुणे ही आहे. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने जाणारा लोहमार्ग ज्या शहरांतून जातो, त्यांतील घराचे स्वरूप मात्र या चित्रपटांच्या चौकटीत सहज बसत नाही.

उल्हासनगरचा जन्मच निवाऱ्याच्या प्रश्नातून झाला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा देण्यात आला. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही शहराचे भाग ‘कॅम्प’ आणि क्रमांक या नावांनीच ओळखले जातात. लष्करी बराकीत संसार थाटताना पडदे लावून खोल्या करणाऱ्या, पापड-लोणची करून विकणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर या शहराच्या व्यापाराचा पाया रचला गेला. अन्नपूर्णाच्या खानावळवालीशी तिचे नाते जवळचे आहे. गिरणगावाची स्त्री पडद्यावर आली; बराकीतील स्त्रीला मात्र वर उल्लेखिलेल्या चित्रपटांत स्थान नाही.

उल्हासनगरचा दुसरा प्रश्न इमारतींच्या वैधतेचा आहे. आठशेहून अधिक अनधिकृत इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस ती नियमाधीन करण्यासाठी राज्य विधिमंडळाने २००६ मध्ये खास कायदा केला. मे २०२१ मध्ये शहरातील दोन इमारतींच्या स्लॅब कोसळण्याच्या घटनांत रहिवाशांचे प्राण गेले. येथे घर झोपडी नाही आणि पदपथही नाही. ते पक्के आहे, विकत घेतलेले आहे, त्याची घरपट्टी भरली जाते. तरीही ते कागदावर संशयास्पद आणि प्रत्यक्षात धोकादायक असू शकते. धोक्याची नोटीस लागल्यावर घर सोडायचे की नाही, हा निर्णय कुटुंबात कोण घेतो? घर स्त्रीच्या नावे असेल तर तिचे म्हणणे अधिक ऐकले जाते का? ‘हमारा शहर’मधील बुलडोझरच्या भाषेत या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत, कारण येथील संकट एका सकाळी येत नाही. ते वर्षानुवर्षे छताच्या आत मुरत असते.

अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिराचे आणि त्याचबरोबर कारखान्यांचे शहर आहे. आगपेट्यांचा कारखाना, आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांनी येथे कामगारवस्ती आणली. कंपनीच्या किंवा शासनाच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचा निवारा पुरुषाच्या नोकरीशी बांधलेला असतो. तो निवृत्त झाला किंवा कारखाना बंद पडला की घरही जाते. अशा घरात तीस वर्षे संसार केलेल्या स्त्रीचा त्यावर कोणता हक्क असतो? प्रुइट-आयगोमध्ये पुरुष घरात असणे हे निवारा गमावण्याचे कारण होते; क्वार्टरमध्ये पुरुषाची नोकरी नसणे हे कारण ठरते. नियम परस्परविरुद्ध आहेत, परंतु दोन्हींत स्त्रीचे स्थान दुय्यमच आहे.

बदलापूर हे या साखळीचे पुढचे टोक होय. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर असलेल्या या शहरात मध्यमवर्गीयांना परवडणारे घर मिळाले. डोंगर, नदी आणि मोकळी हवा यांची जाहिरात करणारी येथील गृहसंकुले ग्रीनबेल्टच्या स्वप्नाची दूरची नातलग आहेत. घराच्या किमतीत जे वाचते ते प्रवासाच्या तासांत फेडावे लागते. ही फेड सर्वांची सारखी नसते. पहाटे उठून डबे करून गाडी गाठणारी आणि रात्री परतल्यावर पुन्हा ओट्याशी उभी राहणारी स्त्री ती दुपटीने करते. हेडन यांनी अमेरिकन उपनगराविषयी केलेले विवेचन येथे मोटारीऐवजी लोकल घालून वाचता येते.

बदलापूरकडे कॅमेरा वळतो तो मात्र आपत्तीच्या दिवशी. जुलै २००५ चा महापूर, जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील बालिकांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ झालेला रेल रोको, या प्रसंगी शहर देशभर दिसले. शेवटच्या घटनेचा निवाऱ्याशी संबंध नाही, असे वरवर वाटेल. परंतु आई-वडील दिवसभर दूरवर कामाला असताना मूल कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न लांबच्या घराच्या किमतीतच दडलेला आहे. वृत्तवाहिनीचा कॅमेरा उद्रेक दाखवून परततो. उद्रेकामागची दिनचर्या दाखवणे हे अनुबोधपटाचे काम आहे.

निष्कर्ष

अनुबोधपटाने नागरी निवाऱ्याचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र जे दिसते त्याचीच धोरणात दखल घेतली जाते, हेही तितकेच खरे. पाडकाम दिसले म्हणून पुनर्वसनाची चर्चा झाली. पण घरातील काम, पाण्याची वेळ, प्रवासाचे तास आणि कागदावरील नाव हे अल्प प्रमाणातच दिसले, म्हणून गृहनिर्माणाच्या धोरणांत ते उशिरा आणि तुकड्यांत आले. प्रधानमंत्री आवास योजनेत (२०१५) घर स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे असण्याची अट घालण्यात आली, तसेच २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्री-खरेदीदारास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्यात आली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु नाव आणि अधिकार यांतील अंतर किती, हे अशा घरात दीर्घकाळ थांबणारा कॅमेराच सांगू शकेल.

अशा अनुबोधपटाची पद्धती नव्याने शोधण्याची गरज नाही. ‘मोलकरीण’मधील हिशेबी स्वर, ‘जरीमरी’ची गल्लीच्या वेगाने चालणारी दृष्टी आणि ‘पब्लिक हाउसिंग’मधील धीर या तिन्ही गोष्टी उपलब्ध आहेत. या तीन शहरांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनी अशाच घरांतून येतात आणि चित्रीकरणाचे साधन आज त्यांच्या हातातील भ्रमणध्वनीत आहे. समाजशास्त्र, मराठी आणि जनसंवाद या विभागांनी वरील चित्रपट अभ्यासक्रमात एकत्र वाचले, तर या विद्यार्थिनींना आपल्या आईचा दिवस हा अभ्यासाचा विषय वाटू शकेल. ‘हमारा शहर’मधील त्या स्त्रीने विचारलेला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. चित्रीकरण करणारी व्यक्ती त्याच घरातील असेल, तर निदान तो प्रश्न विचारण्याची पद्धत बदलेल, एवढी अपेक्षा बाळगण्यास हरकत नसावी.